रजिस्टरातलं पाणी

मी रत्नागिरीतल्या एका छोट्या दैनिकात मुद्रितं तपासायला लागले ते अठ्ठ्याण्णव साली. ऱ्हस्व-दीर्घ बघायचे, अनुस्वार लावायचे आणि गप्प बसायचं, एवढंच काम. त्यातलं गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. दोन-तीन वर्षांनी संपादकांनी मला उचलून बातम्यांच्या टेबलावर बसवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "नाहीतरी बोलतेच आहे, निदान बातमीसाठी बोलेल." त्या एका वाक्यानं माझं पुढचं आयुष्य ठरलं, म्हणून त्यांचे उपकार मी मानतेच. पण आज सांगायचंय ते दुसऱ्या एका बाईच्या उपकारांबद्दल. ते तिनं केले तेव्हा मी तिचं नुकसान करून बसले होते.

त्याच सुमारास पालिकेची निवडणूक लागली. प्रचारसभेत जो तो उठून वाट्टेल ते बोलायचा आणि आम्ही ते 'म्हणाले', 'सांगितले', 'ठणकावले' असं करून छापायचो. मी संपादकांना म्हटलं, "आपण काय पोस्टमन आहोत का? छापायचं तर तपासून छापू." ते म्हणाले, "तूच तपास." असं आमचं 'पडताळा' हे सदर सुरू झालं. डाव्या बाजूला उमेदवार काय म्हणाला ते, उजव्या बाजूला आम्हाला काय आढळलं ते, आणि खाली गोल शिक्का, 'खरे' किंवा 'खोटे'. शिक्के आमच्या ऑपरेटरनं कॉम्प्युटरवर झकास करून दिले होते. तो म्हणाला होता, 'अर्धवट' असा तिसरा एक करून ठेवू का? मी म्हटलं, नको, अर्धवट म्हटलं की आपल्यालाच काही कळलेलं नाही असं वाटतं. मी तेव्हा पंचविशीची होते आणि मला सगळं कळत होतं.

सदर चाललं मात्र जोरात. एका उमेदवारानं आपल्या कारकिर्दीत बांधली म्हणून सांगितलेली शाळेची खोली त्याच्याच चौथीच्या फोटोत मागे उभी होती. तो फोटो मी मिळवून छापला. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर लोक तो फोटो एकमेकांना दाखवत होते. एक उमेदवार तर भर सभेत म्हणाला, "याच्यापुढचं पेपरवाल्या बाईंना विचारून बोलतो." झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. घरी आईसुद्धा आमटीत मीठ कमी आहे म्हणाली की मी विचारायची, पुरावा काय?

मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला चढावर एक वस्ती आहे. खाली एक आळी, आणि तिथून जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी चढून गेलं की वरची आळी. दोन्ही मिळून एकच वॉर्ड. बायकांसाठी राखीव झाला तेव्हा वरच्या आळीतली एक बाई अपक्ष उभी राहिली. पन्नाशीच्या पुढची, नवरा बोटीवर होता तो वारलेला. सगळा वॉर्ड तिला 'खाला', म्हणजे मावशी, म्हणे. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, उर्दू घरात शिकलेली. त्या वस्तीतले निम्मे पुरुष आखातात, आणि त्यांच्या बायकांपैकी कितीतरी जणींना अक्षरओळख नाही. फोन असायचे, पण फोनवर कामापुरतं बोलणं. मनातलं यायचं ते पत्रात. ती पत्रं खाला वाचून दाखवायची. पोरीबाळी शाळेत जात होत्या, त्यांना वाचता येत नव्हतं असं नाही. पण नवऱ्याचं पत्र पोरीकडून कोण वाचून घेईल? आणि खालाच्या पोटातलं ओठावर कधी यायचं नाही, अशी तिची ख्याती.

तर खाला सभेत म्हणाली, "वरच्या आळीत नळाला महिनाभर थेंब आलेला नाही." विरुद्ध बाजूचे म्हणाले, साफ खोटं, रोज पाणी सोडतात. मला तेवढंच हवं होतं.

मी पाणीखात्यात गेले. तिथल्या कारकुनांनी खुर्ची दिली, रजिस्टर पुढे ठेवलं. तारीख, वेळ, शेरा. महिनाभर रोज, एकाही दिवसाचा खाडा नाही, वळणदार अक्षरात एकच शेरा: 'पाणी सोडले.' खाली सही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तरी मी तेवढ्यावर थांबले नाही, हे सांगायलाच हवं, कारण त्याचाच मला जास्त तोरा होता. पाणी सोडणाऱ्या माणसाला गाठून विचारलं. तो म्हणाला, "ताई, आईशपथ, सहाच्या ठोक्याला सोडतो." दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी स्वतः खालच्या आळीत जाऊन उभी राहिले. नळाला धो धो पाणी. बायका कळश्या भरत होत्या. मी वेळ टिपून घेतली.

आणि मग मी पाखाडीकडे बघितलं. चाळीसेक पायऱ्या असतील. त्या दिवशी एका उमेदवाराच्या प्रचाराच्या अखेरच्या फेरीचा नारळ गणपतीपुळ्याला फुटायचा होता आणि मला एस.टी. पकडायची होती. मनात म्हटलं, खाली एवढं आहे तर वर काय वेगळं असणार. जन्म गेला कोकणात, सगळं गाव चढउताराचं. पाणी चढाकडे जात नाही हे कळायला पेपरात नोकरी करावी लागत नाही. पण मला कळलं नाही. मी एस.टी. पकडली.

'पडताळा' छापून आला. उजवीकडे रजिस्टर, पाणी सोडणाऱ्याचं म्हणणं, आमच्या प्रतिनिधीनं प्रत्यक्ष पाहिलेला नळ. खाली शिक्का: खोटे.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाला आमच्या कचेरीचा जिना चढून आली. मला वाटलं आता तमाशा होणार. मी कंबर कसूनच बसले होते. ती समोरच्या स्टुलावर बसली, पाणी मागितलं, प्याली, आणि म्हणाली, "'खोटं' असं तू लिवलंस गो बाय?"

"मी नाही, रजिस्टर म्हणतंय," मी म्हटलं.

"काय म्हणतंय?"

"पाणी सोडलं."

"मग सोडलं असेल. आलं असं कुठं लिवलंय?"

ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात तीन वर्षं घालवलेली मी. 'सोडले' आणि 'पोचले' हे दोन वेगळे शब्द आहेत, हे मला सातवी शिकलेल्या बाईनं सांगावं? राग आला. तिचा नाही, पण काढला तिच्यावरच. म्हटलं, "खाली तर धो धो येतंय, मी डोळ्यांनी बघितलंय. तुमच्याकडे नळाचंच काही बिघडलं असेल."

"आमी तर त्या पाण्यावर कधीच पाणी सोडलंय," ती शांतपणे म्हणाली. "त्याचं काय नाय गो. उद्या सहाला वर ये नि बघ." आणि जिना उतरून गेली. ऑपरेटर मागून हसला तेव्हा मी त्याच्यावर खेकसले.

सकाळी सहाला मी पाखाडी चढले. खालाच्या अंगणात कोपऱ्यात नळ, त्याखाली हंडा. तिनं मला ओट्यावर बसवलं, चहा दिला. नळ सोडला. त्यातून वारा आला, फुस्स करून. मग बराच वेळ काही नाही. खालून कळश्यांचा, बायकांच्या बोलण्याचा आवाज वर येत होता. खालच्या घरांचे नळ चालू असेपर्यंत पाण्याला वर चढायला जोरच उरत नव्हता, आणि त्यांचं भरून होईपर्यंत वेळ संपायची. वरचे लोक डोंगराच्या पलीकडच्या उतारावरच्या विहिरीवरून पाणी आणत, म्हणजे खालच्यांच्या नजरेलाही ते पडत नव्हतं. कारकून खरा, पाणी सोडणारा खरा, खालची आळी खरी. खोटं तेवढं माझ्या शिक्क्यात होतं. पावणेसातला मी हंड्यात वाकून बघितलं. तळ ओला झाला नव्हता.

आम्ही बसलो होतो तेव्हा खालच्या आळीतली एक बाई पाखाडी चढून आली. पदराच्या गाठीत विमानटपालानं आलेलं निळं पत्र दिसत होतं. तिनं खालाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि "येते मग, आज घाई हाय" असं काहीतरी पुटपुटून परत उतरायला लागली.

"घाई असती तर चढून कशाला आली असती," खाला म्हणाली. मग म्हणाली, "आठ वरसं तिची पत्रं मी वाचते. आता दुकानदाराकडे नेईल. कालपासून तीन जणी तिकडे गेल्या."

मला एकदम कळलं मी काय केलंय ते. निवडणूक गेली खड्ड्यात, पण ह्या बाईचं सगळं जगणं 'खाला वाचेल ते खरं' ह्या एका विश्वासावर उभं होतं, आणि त्यावर मी गोल शिक्का मारला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पत्रात वाईट काही असलं तर तुम्ही जरा सौम्य करून वाचत असाल ना?"

"नाय. एकदा गोड करून वाचलं, की पुढच्या खेपेला खरं गोड आलं तरी कोण मानेल?"

मी तिथून थेट कचेरीत आले आणि दुरुस्ती लिहून काढली. संपादक आल्या आल्या त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "छान लिहिली आहेस. आज पाचला प्रचार संपतो. उद्याचा अंक लोकांच्या हातात पडेल तेव्हा प्रचारबंदी लागलेली असेल. अमुक उमेदवाराचं म्हणणं खरं आहे असं आपण तेव्हा छापलं, तर तो प्रचार धरतील. मतदान झालं की छापू."

"म्हणजे चूक छापायला नियम नव्हता आणि दुरुस्ती छापायला आहे?"

"हो," ते म्हणाले.

मी भांडले. एवढी भांडले की खालच्या मजल्यावरचा शिंपी वर बघून गेला. संपादक वाईट माणूस नव्हते. ते घाबरट होते, आणि ज्यांच्यावर पेपर चालवायची जबाबदारी असते त्यांनी थोडं घाबरावंच, हे मला पुढे स्वतःवर वेळ आली तेव्हा पटलं. त्या दिवशी नाही पटलं. त्या दिवशी मी राजीनामा लिहिला. त्यांनी तो घेतला, त्यातली 'कारणीभुत' ही माझी चूक लाल पेनानं 'कारणीभूत' करून मला परत दिला. मग मी रडले.

मतदान झालं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दुरुस्ती आली. वरातीमागून घोडं. मोजणी झाली, खाला थोडक्यात पडली. खालच्या आळीची मतं गेली, असं सगळे म्हणाले. ती माझ्यामुळे गेली की ती जाणारच होती, हे कुठल्या रजिस्टरात लिहिलेलं नसतं. मी स्वतःला विचारून बघितलं आहे, पुष्कळ वेळा, आणि मला उत्तर मिळालेलं नाही. पुढे मी ते सदर बरीच वर्षं चालवलं. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांबद्दल कुणी काही बोललं की मी कंपनीच्या बसमध्ये बसून कामगारांबरोबर जाऊन यायची, कागद बघून भागवायची नाही. पण कितीही फिरलं तरी एखादी पाखाडी राहतेच, हे मनात धरूनच लिहायची. हे कुठे शिकलीस म्हणून कुणी विचारलं तर मी कुठल्या शाळेचं नाव सांगणार?

मोजणीनंतर दोन दिवसांनी दुरुस्तीचा अंक घेऊन मी पाखाडी चढले. खाला ओट्यावर तांदूळ निवडत होती. चार-पाच बायका बसल्या होत्या, वरच्या आणि खालच्याही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "खाला, माझी चूक झाली. मी माफी मागायला आले." आणि अंक तिच्या हातात दिला.

तिनं तो उलटसुलट करून बघितला आणि मला परत दिला. "तूच वाच. तू लिवलंस, तुझ्या तोंडून ऐकू दे."

मी उभी राहूनच वाचलं. 'पाणी सोडले' ह्या नोंदीचा अर्थ आम्ही 'पाणी पोचले' असा घेतला, तो चुकीचा होता. वरच्या आळीत पाणी पोचत नाही हे प्रत्यक्ष पाहिले. उमेदवाराचे विधान खरे होते. एवढ्याच चार ओळी.

मग ती निळ्या पत्राची बाई म्हणाली, "पण खाला, त्या दिवशी तर तूच वाचलंस, खोटं म्हणून."

मला काही उमजेना. मी विचारलं, "कुठल्या दिवशी?"

"पेपर आला त्या दिवशी," ती म्हणाली. "आमी सगळ्या इथंच बसलो होतो. म्हटलं, खाला, तुझं नाव आलंय म्हणतात पेपरात, वाच. तिनं सगळं वाचलं. मग शेवटाला वाचलं, खोटे. मला वाटलं, आपल्याच तोंडानं कबूल करतेय."

मी खालाकडे बघितलं. ती तांदूळच निवडत होती.

"तुम्ही शिक्कासुद्धा वाचलात?"

"होता ना तिथं छापलेला."

"अहो, तो खोटा होता हे तुम्हाला माहीत होतं. गाळायचा नाही का तेवढा शब्द? कुणाला कळणार होतं?"

"तुझा पेपर गाळून वाचला असता," खाला म्हणाली, "तर हिचं पत्र कुठल्या तोंडानं वाचलं असतं?"

मी खाली बसले. माझ्या चुकीनं जेवढं नुकसान व्हायचं होतं ते मी केलं होतं, पण खालच्या आळीतल्या ह्या बायकांच्या कानापर्यंत ती चूक पोचवली होती खालानं स्वतः, अक्षर न बदलता. सगळ्या निवडणुकीत छापलेलं जसंच्या तसं लोकांपुढे ठेवणारी ती एकटीच होती, आणि तिलाच मी खोटं ठरवलं होतं. मी तिचे हात धरले. तांदळाचे दाणे माझ्या हाताला चिकटले. मला तिला म्हणायचं होतं की तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, आणि ते मी म्हटलंही, मोडक्यातोडक्या शब्दांत. ती म्हणाली, "बरं बरं. चहा घेतेस ना?"

निळ्या पत्राच्या बाईनं पदराची गाठ सोडली. पत्र काढून खालापुढे धरलं. कडा चुरगळल्या होत्या.

"हे तर दुकानदारानं वाचलं ना?" खाला म्हणाली.

"वाचलं. पण पत्र दोन्ही अंगांनी लिवलेलं हाय, आणि त्याचं वाचून चटकन संपलं."

खालानं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. खुशाली, पोरांची चौकशी, पावसाची चौकशी. मग पान उलटलं. आवाज जरासुद्धा न बदलता तिनं वाचलं, की कंपनीनं रजा नाकारली आहे, ह्या ईदेला येणं होणार नाही, पुढच्या ईदेचंही आता सांगता येत नाही.

ती बाई जमिनीकडे बघत ऐकत होती. वाचून झालं तेव्हा तिनं डोळ्यांना पदर लावला आणि मान हलवली.

"हां," ती म्हणाली. "आता पुरतं झालं."